पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही
ग्रामपंचायत, साहेब आणि आपण : कायदा काय सांगतो

"साहेब आज मीटिंगला गेलेत, उद्या या." हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही बाई आपल्या गटांत सापडायची नाही. उद्या गेलं की "सही राहिली", परवा गेलं की "नेट चालत नाही". एका दाखल्यासाठी तीन दिवसांची मजुरी बुडते, रिक्षाचं भाडं जातं आणि शेवटी आपणच म्हणतो, "जाऊ दे, आपलं कोण ऐकतंय?"

पण ऐकणं हे त्यांचं काम आहे आणि ते काम किती दिवसांत करायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे. अडचण एकच. आपण तोंडी मागतो, म्हणून ते तोंडी टाळतात. या लेखात आपण चार-पाच कायदे बघू. त्यातली कलमं पाठ करायची गरज नाही. कुठल्या कामासाठी कुणाकडे जायचं, किती दिवस थांबायचं आणि नाही झालं तर वर कुणाकडे जायचं, एवढं कळलं तरी पुरे.

आधी हे बघा : कोण कुणाचा माणूस?

गावात आपल्याला सगळे "साहेब" सारखेच वाटतात. पण त्यांचे वरचे अधिकारी वेगवेगळे असतात. तक्रार चुकीच्या दारात गेली की तिचं काहीच होत नाही.

सरपंच आणि सदस्य हे आपण निवडून दिलेले. त्यांचा कारभार चालतो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ या कायद्यानं. त्यांनी ग्रामसभेला हिशोब द्यायचा असतो.

ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी. दप्तर, ठराव, दाखले, घरपट्टीची वही त्यांच्याकडे असते. त्यांच्याबद्दलची तक्रार पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे (बीडीओ) करायची.

तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते महसूल खात्याचे. सातबारा, फेरफार, वारसनोंद त्यांच्याकडे. त्यांच्या वर मंडळ अधिकारी (सर्कल) आणि त्यांच्या वर तहसीलदार. म्हणजे वारसनोंद अडली म्हणून सरपंचांशी भांडून उपयोग नाही. आणि घराचा नमुना ८ चा उतारा मिळत नाही म्हणून तहसीलला हेलपाटे घालूनही उपयोग नाही.

ग्रामसभा : तिथं आपण पाहुण्या नाही

गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य आहे. नवऱ्याचं नाव आहे म्हणून नाही, आपलं स्वतःचं नाव आहे म्हणून. दर आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. पुरेसं कारण नसताना सरपंचांनी ग्रामसभा घेतली नाही, तर त्यांचं पद जाऊ शकतं, इतकी ही गोष्ट कायद्यानं गंभीर धरली आहे.

दुसरी गोष्ट फार कमी गावांत पाळली जाते. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही महिला सभा कायद्यातच आहे, कुणाची मेहेरबानी नाही. ग्रामसभेत पुढच्या रांगेत पुरुष बसलेले, मागं आपण पदर सावरत उभ्या, आणि दारूचा किंवा पाण्याचा विषय काढला की कुणीतरी हसतं. म्हणून विषय आधी महिला सभेत बोलायचा, ठराव करायचा, तो प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत मांडायचा. एकटीनं मांडलेलं बोलणं वाऱ्यावर जातं. साठ बायांच्या सह्यांचा ठराव वाऱ्यावर जात नाही.

ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. याला गणपूर्ती किंवा कोरम म्हणतात. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते. पुढच्या तहकूब सभेला कोरमची गरज नसते. काही गावांत याचाच खेळ होतो. पहिली सभा मुद्दाम अशा वेळी ठेवायची की माणसं येणार नाहीत, आणि तहकूब सभेत वीस जणांत सगळं मंजूर करून टाकायचं. आता विचार करा, गावात दहा गट असतील आणि प्रत्येकीत दहा जणी, तर फक्त आपण गेलो तरी १०० होतात. म्हणजे कोरम भरायची ताकद आपल्याच हातात आहे.

सभा संपली की सही करायच्या आधी एवढं बघा : आपला विषय लिहिला का? ठराव क्रमांक पडला का? कोऱ्या पानावर सही करायची नाही. "नंतर लिहितो ताई, तुम्ही सही करा" असं म्हटलं तर, "लिहा, आम्ही थांबतो" एवढंच म्हणायचं.

आदिवासी भागातल्या, म्हणजे पेसा क्षेत्रातल्या मैत्रिणींसाठी एक जादाची गोष्ट. तुमच्या पाड्याला वेगळं गाव म्हणून घोषित करून घेता येतं आणि मग त्याची स्वतःची ग्रामसभा भरते. तिथले अधिकारही जास्त आहेत.

ते १० टक्के कुठं जातात?

ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार, गाळ्यांचं भाडं असं स्वतःचं उत्पन्न असतं. त्यातली १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायची असते. समजा तुमच्या ग्रामपंचायतीचं वर्षाचं उत्पन्न ८ लाख आहे, तर ८० हजार रुपये बाया आणि लेकरांच्या कामासाठी आहेत. अंगणवाडीचं साहित्य, मुलींसाठी सोयी, बायांचं प्रशिक्षण, अशा कामांसाठी.

गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? माहीत नसेल तर लाज वाटायचं कारण नाही, बहुतेकींना माहीत नसतं. पण विचारायचं मात्र आहे. ग्रामसभेत वर्षाचा जमाखर्च ठेवावाच लागतो. तो वाचला जाईल तेव्हा उठून एवढंच म्हणायचं : "महिला बालकल्याणाचे किती निघाले, किती खर्च झाले, कशावर झाले, ते वाचून दाखवा आणि प्रोसिडिंगला घ्या."

दाखला अडला तर : लोकसेवा हक्क

समजा, आपल्या गटातल्या एका ताईचा नवरा वारला. तिला संजय गांधी निराधार योजनेसाठी कागद गोळा करायचे आहेत. ग्रामपंचायतीतून निराधार असल्याचा दाखला हवा. तिथं तिला आठ दिवस फिरवलं जातंय.

यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. ग्रामपंचायतीच्या जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदीचे दाखले, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, येणेबाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा, निराधार असल्याचा दाखला, या सेवा त्यात येतात. प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत. ते दिवस, फी, कुणी द्यायचं आणि अपील कुणाकडे, हे सगळं कार्यालयात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. बोर्ड नसेल तर पहिली तक्रार तीच.

ताईनं काय करायचं?

एक. अर्ज लेखी किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर करायचा आणि पोच घ्यायची. पोचेवर तारीख आणि क्रमांक हवा. दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. पोच नाही, तर कायद्याच्या दृष्टीनं ताई कार्यालयात आलीच नाही.

दोन. दाखला देता येत नसेल तर कारण लेखी द्यावं लागतं. "नियमात बसत नाही" असं तोंडी चालत नाही.

तीन. मुदत संपली किंवा नकार आला, तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथंही काम झालं नाही तर ३० दिवसांत दुसरं अपील. तरीही नाही तर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील.

कारण नसताना सेवा अडवली असं ठरलं, तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. रक्कम मोठी नाही, पण ती त्याला स्वतःला भरावी लागते आणि म्हणूनच चालढकल थांबते. बऱ्याच वेळा तर अपिलापर्यंत जावंच लागत नाही. "पोच द्या, मुदत कधी संपते तेवढं सांगा" म्हटलं की दुसऱ्या दिवशी दाखला तयार होतो.

दाखले जमले, अर्ज तहसीलला गेला आणि तिथं फाईल अडकली, तर आणखी एक कायदा आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. २००५ चा हा कायदा १ जुलै २००६ पासून लागू आहे. एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाईल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं तो सांगतो. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणून तहसीलला गेल्यावर "काय झालं हो आमचं?" असं विचारू नका. "आमची फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून आहे?" असं विचारा.

कागद बघायचा आहे : माहितीचा अधिकार

ग्रामसभेत १० टक्क्यांचा हिशोब विचारला आणि "पुढच्या सभेत सांगू" असं उत्तर आलं, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरायचा. हा अर्ज साध्या कागदावर, मराठीत, हातानं लिहून चालतो. राज्य सरकारच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची.

एक चूक टाळा. हा हक्क नागरिकाला आहे, म्हणून अर्ज गटाच्या नावानं नको. कुणातरी एकीनं स्वतःच्या नावानं करायचा. एकटीवर दबाव येईल असं वाटत असेल, तर चौघींनी चार अर्ज करा. दारात कुणी आलं तर चौघी एकत्र उत्तर द्यायला बऱ्या.

दुसरी चूक : "का केलं नाही?" असं विचारू नका. जे कागदावर आहे तेच या कायद्यानं मिळतं. असं लिहा :

"मागील आर्थिक वर्षात आपल्या ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवलेली रक्कम, त्यातून झालेला प्रत्येक खर्च, त्याची तारीख, संबंधित ठरावाची प्रत आणि बिलाची प्रत मिळावी."

बस, एवढंच. अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. ग्रामपंचायतीत ते बहुधा ग्रामसेवकच असतात. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील. त्याच्या निकालानंतरही समाधान नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे वेळ लागतो, हेही खरं आहे. म्हणून पहिला अर्ज आणि पहिलं अपील नीट, स्वच्छ लिहा. बहुतेक कामं तिथंच होतात.

"चहापाण्याचं बघा"

पैसे मागणं हा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ खाली कारकून, तलाठी, ग्रामसेवक येतात, तसेच सरपंच आणि सदस्यही येतात. घरकुलाच्या हप्त्यासाठी पैसे मागणारा निवडून आलेला आहे की नोकरीतला, यानं फरक पडत नाही.

२०१८ साली या कायद्यात बदल झाला. आता लाच देणाराही दोषी धरला जातो. पण आपल्याला भाग पाडलं म्हणून द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. त्यामुळे दिले आणि गप्प बसले, हे आता धोक्याचं. त्यापेक्षा देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. त्याआधी गावात कुणाला सांगत बसू नका, बातमी आपल्या आधी तिथं पोचते.

सरपंचांना कोण विचारणार?

सरपंच किंवा सदस्य गैरवर्तन करत असतील, कामात कसूर करत असतील, पैशाचा घोळ असेल, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली त्यांना पदावरून काढता येतं. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, समोरच्याला बाजू मांडायला संधी देतात आणि विभागीय आयुक्त निर्णय घेतात. नुसत्या भाषणानं हे होत नाही. ठरावाची प्रत, बिल, फोटो, तारखा लागतात. माहितीच्या अधिकारात मिळालेले कागद इथं कामाला येतात.

दुसरा रस्ता अपात्रतेचा. त्याचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. आणि इथं, मैत्रिणींनो, जरा थांबून स्वतःकडे बघायचं आहे.

खुर्चीवर आपण असू तेव्हा

१९९३ साली ७३ व्या घटनादुरुस्तीनं बायांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. आपल्या गटांतल्या कितीतरी ताया आज सदस्य आहेत, सरपंच आहेत. जो कायदा दुसऱ्याला लागतो तो आपल्यालाही लागतो. पद कशानं जातं ते पाठ करून ठेवा :

– ग्रामपंचायतीच्या कराचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत तो भरला नाही तर.
– सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर.
– ग्रामपंचायतीच्या ठेक्यात आपला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर.
– १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनापेक्षा जास्त झाली असेल तर.
– राखीव जागेवर निवडून येऊन जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर.

यातली बरीच कामं घरातले पुरुष "बघतो" म्हणतात आणि बघत नाहीत. घरपट्टी नवऱ्यानं भरली नाही, पद मात्र बाईचं जातं. म्हणून पावती स्वतःच्या पिशवीत ठेवा.

अतिक्रमणाचं कलम सूड उगवायलाही वापरलं जातं. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावच्या महिला सरपंचांना असंच काढून टाकलं होतं. सरकारी जागेवरच्या घरात त्या सासूसोबत राहतात, असा आरोप होता. आपण वेगळं राहतो, भाड्यानं राहतो, असं त्या सांगत होत्या. तरी जिल्हाधिकाऱ्यांपासून वरपर्यंत सगळीकडे निकाल विरोधात गेला. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पदावरून काढल्याचा आदेश रद्द केला. बाई सरपंच झाली हे गावातल्या लोकांना पचलं नाही, असा हा प्रकार आहे आणि निवडून आलेल्या व्यक्तीला, त्यातही ग्रामीण भागातल्या बाईला, इतक्या सहज पदावरून काढता येणार नाही, अशा अर्थाचं न्यायालयानं म्हटलं. हा निकाल लक्षात ठेवा. पण तोवर त्या ताईंना दिल्लीपर्यंत लढावं लागलं, हेही लक्षात ठेवा. आपले कागद आधीपासून स्वच्छ असले तर लढाई लहान होते.

आणखी एक. सही आपली आणि कारभार नवऱ्याचा, हे कायद्याला मान्य नाही. चेकवर, बिलावर सही आपली असेल तर चौकशीत उभं आपल्यालाच राहावं लागतं. "मला माहीत नव्हतं, त्यांनी सांगितलं म्हणून सही केली" हे उत्तर तिथं चालत नाही. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला शेजारी बसवा. वाचून घेतल्याशिवाय सही नाही, असा नियमच करा. सदस्य ताई एकटी पडली की तिच्यावर दबाव येतो. तिच्या मागं गट उभा असेल तर ती "मी उद्या विचार करून सांगते" असं म्हणू शकते.

पुढच्या बैठकीत एवढं करू

बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. गटाच्या वहीत एक पान "कागदपत्रं" म्हणून करा. कुणाचा अर्ज कुठं दिला, पोच क्रमांक काय, तारीख कोणती, मुदत कधी संपते, ते लिहा. कर्जाचा हप्ता आपण जसा चुकू देत नाही, तशीच अपिलाची तारीख चुकू द्यायची नाही.

ग्रामसंघाच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. येत्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं लेखी पत्र ग्रामपंचायतीला कोण देणार, आणि १० टक्क्यांचा प्रश्न ग्रामसभेत कोण विचारणार.

पत्र दिलं की पोच मागा. "ठेवून जा ताई" म्हणाले तर खुर्ची ओढून बसा. शिक्का, सही आणि तारीख पडेपर्यंत आपल्याला काही घाई नाही.